नव्या घरातील सण आणि सजावट : बौद्ध गृहस्थाची दृष्टी

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील ग्रहण केले आणि त्यानंतर आपल्या लक्षावधी अनुयायांना धम्मदीक्षा व बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या दिवशी दीक्षाभूमीवर उभ्या असलेल्या पुष्कळांचे घर म्हणजे गावकुसाबाहेरील झोपडी किंवा चाळीतील एक खोली होती. आज त्यांची मुले-नातवंडे शहरात सदनिका घेत आहेत, गावी पक्की घरे बांधत आहेत. घर नवे होते तेव्हा काही प्रश्नही नव्याने उभे राहतात. प्रवेशाच्या दिवशी काय करावे? दार कोणत्या दिशेला असावे? पुढील वर्षभरात या घरात कोणते सण साजरे व्हावेत, आणि घर सजवावे ते कशाने?

या प्रश्नांना आपल्याकडे दोन प्रकारची उत्तरे दिली जातात. काही कुटुंबे जुनाच विधी करतात, केवळ मूर्ती बदलतात. वास्तुशांतीच्या जागी बुद्धमूर्ती येते, पण मुहूर्त, दिशा आणि दृष्ट लागण्याची भीती तशीच राहते. दुसरी काही कुटुंबे सजावट म्हणजे कर्मकांड असे समजून घर कोरडे ठेवतात. मग शेजारच्या दारातील आकाशकंदिलाकडे पाहणारे मूल विचारते, "आपला सण कधी?" आणि घरात त्याचे उत्तर नसते. पहिल्या मार्गात धम्म निसटतो, दुसऱ्या मार्गात पुढची पिढी निसटते. तथागतांची शिकवण या दोहोंहून वेगळी आहे आणि तिचे आधार पाली वाङ्मयात स्पष्टपणे सापडतात. त्यांचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नवी वास्तू आणि तथागत

मज्झिमनिकायातील सेखसुत्तात कपिलवत्थुच्या शाक्यांनी बांधलेल्या नव्या सभागृहाचा प्रसंग आहे. त्या वास्तूत तोवर कोणीही वास केलेला नव्हता. तिचा प्रथम उपयोग भगवंतांनी करावा आणि नंतर आपण करू, अशी विनंती शाक्यांनी केली. त्यांनी जमिनीवर बैठका अंथरल्या, आसने मांडली, पाण्याचा मोठा घडा ठेवला आणि तेलाचा दिवा लावला. पाटलिगामच्या उपासकांनीही आपल्या निवासगृहात अशीच तयारी केल्याचे वर्णन महापरिनिब्बानसुत्तात येते. या सजावटीत येणाऱ्याला बसता यावे, त्याची तहान भागावी आणि त्याला उजेड मिळावा, एवढाच विचार आहे. तथागतांनी ती आनंदाने स्वीकारली आणि रात्री उशिरापर्यंत धम्मोपदेश केला. नव्या वास्तूचे उद्घाटन आणि त्यासाठी केलेली सजावट बौद्ध परंपरेला परकी नाही, हे यावरून सिद्ध होते.

याच्या जोडीला बोधिराजकुमारसुत्त वाचले पाहिजे. भग्ग देशातील सुंसुमारगिरी येथे बोधिराजकुमाराने कोकनद नावाचा नवा प्रासाद बांधला. भगवंतांना भोजनास बोलावून त्याने जिन्याच्या अगदी खालच्या पायरीपर्यंत शुभ्र वस्त्र अंथरले. भगवंत त्या पायरीशी येऊन थांबले. राजकुमाराने तीनदा विनंती केली, तरी ते मौन राहिले आणि त्यांनी आनंदाकडे पाहिले. आनंदाने वस्त्र गुंडाळण्यास सांगितले. तथागत पुढे येणाऱ्या जनतेचा अनुकंपेने विचार करतात, असे कारणही त्याने दिले. वस्त्र काढल्यावरच भगवंत वर गेले. अट्ठकथेत या प्रसंगाचा खुलासा आहे. राजकुमाराला अपत्य नव्हते. भगवंतांचे पाऊल वस्त्रावर पडले तर आपल्याला पुत्र होईल, असा संकेत त्याने मनाशी धरला होता.

कपिलवत्थुची बैठक स्वीकारली गेली आणि कोकनद प्रासादातील वस्त्र नाकारले गेले. बैठक पाहुण्यासाठी होती, वस्त्र नशिबाला कौल लावण्यासाठी होते. सजावट कोणती योग्य आणि कोणती अयोग्य, हे ठरविण्याची कसोटी येथेच मिळते. येणाऱ्याचा सत्कार, घरच्यांचा आनंद आणि धम्माचे स्मरण यांसाठी जे मांडले जाते ते योग्य. अरिष्ट टाळण्यासाठी किंवा भाग्य खेचून आणण्यासाठी जे टांगले जाते ते अयोग्य.

मात्र या प्रकरणाची आणखी एक बाजू आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्खूंनी अशा वस्त्रावरून चालू नये, असा नियम झाल्यावर गर्भपाताचे दुःख सोसलेल्या एका स्त्रीने भिक्खूंना तशीच विनंती केली. भिक्खूंनी नियमाकडे बोट दाखविले आणि ती खिन्न झाली. गृहस्थ मंगलाची इच्छा धरणारे असतात हे ओळखून, त्यांनी विनंती केल्यास तसे पाऊल ठेवण्यास तथागतांनी अनुमती दिली. आपल्या घरातील वृद्ध आई काही जुनी सवय सोडू शकत नसेल, तर तिचा अपमान करून धम्म शिकविता येत नाही, एवढा बोध यातून घ्यावा. विचार स्पष्ट असावा आणि वागणे करुणेचे असावे.

दिशांचा प्रश्न

नवे घर घेणाऱ्याला आज सर्वांत अधिक छळतो तो दिशांचा प्रश्न. दक्षिणमुखी दार नको म्हणून चांगली सदनिका सोडणारी किंवा राहत्या घराची भिंत पाडून दार फिरविणारी कुटुंबे आपल्या समाजातही आहेत. त्यांनी एक गोष्ट जाणून घ्यावी. बाबासाहेबांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेले लेखन महाराष्ट्र शासनाने ग्रंथमालेच्या रूपाने प्रसिद्ध केले. त्यातील १९८९ साली निघालेल्या पाचव्या खंडात, अस्पृश्यांवर गावाने लादलेल्या नियमांची यादी आहे. अस्पृश्यांची वस्ती गावाच्या दक्षिणेला असावी, कारण चार दिशांत दक्षिण सर्वांत अशुभ, असा एक नियम बाबासाहेबांनी त्यात नोंदविला आहे. अस्पृश्याने कौलारू घर बांधणे हाही त्या यादीत अपराध आहे.

दक्षिण दिशा अशुभ आहे, या कल्पनेनेच आपल्या पूर्वजांची वस्ती कोठे असावी हे ठरविले होते. त्याच कल्पनेला भिऊन आज त्यांच्या वंशजाने आपल्या कष्टाच्या घराचे दार फिरवावे, यासारखी विसंगती नाही. सूर्यप्रकाश, वारा, पावसाची झड, पाण्याची सोय यांसाठी दिशेचा विचार अवश्य करावा. तो विवेकाचा भाग आहे. शुभाशुभासाठी करू नये.

दिशांविषयी तथागतांनी काय सांगितले, ते दीघनिकायातील सिगालोवादसुत्तात आहे. राजगृहाबाहेर सिगाल नावाचा गृहपतिपुत्र पहाटे ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता. मरणासन्न पित्याने तसे सांगितले होते म्हणून तो ते करीत होता, अर्थ त्याला ठाऊक नव्हता. तथागतांनी त्याची थट्टा केली नाही. त्यांनी दिशांचा अर्थच बदलला. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र व सहकारी, खालची दिशा म्हणजे दास व कामकरी आणि वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण. या सहा नात्यांतील कर्तव्ये पाळणे हेच दिशांचे वंदन. ज्या दक्षिणेला इतर परंपरेने यमाची दिशा मानले, तेथे तथागतांनी गुरूला बसविले, हे विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. शिक्षणाच्या बळावर उभ्या राहिलेल्या समाजाला दक्षिणेची भीती वाटण्याचे काहीच कारण नाही.

मुहूर्त आणि मंगल

मुहूर्ताविषयी नक्खत्तजातकातील कथा पुरेशी आहे. शहरातील एका कुटुंबाने खेड्यातील मुलगी वधू म्हणून ठरविली. लग्नाच्या दिवशी त्यांनी ज्योतिषाला विचारले. त्याने आजचा दिवस अशुभ म्हणून सांगितल्यामुळे ते गेलेच नाहीत. वाट पाहून कंटाळलेल्या वधूपक्षाने मुलगी दुसरीकडे दिली. नक्षत्राची वाट पाहणाऱ्याच्या हातून काम निसटते, हे त्या कथेचे तात्पर्य. गृहप्रवेशासाठी कुटुंबातील सर्वांना सुटी असेल, आप्तांना येता येईल, असा दिवस निवडावा. पौर्णिमा किंवा रविवार सोयीचा म्हणून घ्यावा.

मंगलसुत्तातही हीच दृष्टी आहे. मंगल कशात आहे या प्रश्नाचे उत्तर देताना तथागतांनी शकुनाचा उल्लेख केला नाही. त्यांनी सांगितलेल्या अडतीस मंगलांत पतिरूपदेसवास, म्हणजे योग्य ठिकाणी राहणे, हे एक मंगल आहे. मातापित्यांची सेवा, पत्नी व मुलांचा सांभाळ, दान आणि आप्तांना साहाय्य हीही त्यांत आहेत. योग्य ठिकाण म्हणजे जेथे शिक्षण, सज्जनांचा सहवास आणि धम्मश्रवण यांची सोय आहे असे ठिकाण. घर घेताना शाळा, ग्रंथालय आणि विहार किती अंतरावर आहे हे पाहणे, हेच बौद्धाचे वास्तुशास्त्र होय.

गृहप्रवेशाचा विधी

बावीस प्रतिज्ञांतील आठवी प्रतिज्ञा ब्राह्मणाकडून कोणताही विधी करवून न घेण्याची आहे. म्हणून गृहप्रवेश भिक्खूंच्या किंवा बौद्धाचार्यांच्या उपस्थितीत करावा. स्वच्छ उंच मेजावर शुभ्र वस्त्र घालून बुद्धमूर्ती व बाबासाहेबांची प्रतिमा ठेवावी. दीप, धूप आणि पुष्प अर्पण करावे. त्रिशरण-पंचशील, बुद्धपूजा आणि त्यानंतर मंगलसुत्त, रतनसुत्त व करणीयमेत्तसुत्त यांचे पठण व्हावे. पठणापूर्वी त्यांचा मराठी अर्थ सांगितला तर मुलांचेही लक्ष राहते. भिक्खूसंघाला भोजनदान द्यावयाचे असेल, तर ते मध्यान्हापूर्वी व्हावे लागते. म्हणून कार्यक्रम सकाळी ठेवावा. परित्राणाचे पाणी आणि सूत्र हे मैत्रीभावनेचे स्मरण आहे. त्यास ताईत समजू नये.

घराला नाव देण्याचाही विचार करावा. १९१७ साली उच्चविद्याविभूषित होऊन बडोद्यास नोकरीवर गेलेल्या बाबासाहेबांना जात कळताच पारशी धर्मशाळेतून बाहेर काढण्यात आले होते. शहरात त्यांना निवारा मिळाला नाही. पुढे त्यांनी मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत स्वतःचे घर बांधले, त्यात ग्रंथांसाठी प्रशस्त जागा ठेवली आणि त्याला 'राजगृह' हे मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव दिले. हे १३ ऑक्टोबर १९३५ च्या येवल्याच्या घोषणेच्या आधीचे आहे. सिगालाला सहा दिशा जेथे समजावून सांगितल्या गेल्या, ते हेच राजगृह. आपल्या नव्या घरातील दिवाणखान्यात दूरदर्शन संचासाठी जागा ठरते, तेव्हा ग्रंथांच्या कपाटासाठीही भिंत राखून ठेवावी.

वर्षातील सण

बौद्ध कुटुंबाचे वर्ष रिकामे नाही. १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती येते. त्याआधी ११ एप्रिलला महात्मा जोतीराव फुले यांची जयंती असते. वैशाखात बुद्धपौर्णिमा येते. आषाढ पौर्णिमेस वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेस संपतो. या तीन महिन्यांत 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन विहारांतून आणि घरांतून होते. अशोक विजयादशमीला किंवा १४ ऑक्टोबरला धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो. २६ नोव्हेंबरला संविधान दिन, ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची आणि ७ फेब्रुवारीला माता रमाई यांची जयंती असते. ६ डिसेंबर हा महापरिनिर्वाण दिन स्मरणाचा आहे. त्या दिवशी रोषणाई नसावी, प्रतिमेसमोर एक दिवा आणि वाचन पुरे.

आकाशकंदील आपल्या दारात कधी लावावा, हा प्रश्न मुले विचारतातच. त्याचे उत्तर बौद्ध देशांत आहे. श्रीलंकेत वैशाख पौर्णिमेला घरोघर कागदी कंदील लावतात आणि रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना मोफत अन्नदान होते. म्यानमारमध्ये वर्षावासाच्या समाप्तीला, म्हणजे आपल्या आश्विन पौर्णिमेच्या सुमारास, थडिन्जुत हा दीपोत्सव होतो. त्या दिवसांत घरे दिव्यांनी उजळतात आणि धाकटी माणसे आईवडील, गुरुजन व वडीलधारे यांना वंदन करून भेटी देतात. पूर्व आणि दक्षिण दिशांचे हे वंदनच आहे. बाबासाहेब १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेस आणि १९५४ साली रंगूनला गेले होते. या देशांशी आपला संबंध केवळ ग्रंथातला नाही. बुद्धपौर्णिमेला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनापासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या दारात कंदील लागला, तर मुलांना आपला सण कधी हे विचारावे लागणार नाही.

सजावटीची साधने

पंचरंगी धम्मध्वज हे सजावटीचे पहिले साधन. हा ध्वज १८८५ साली श्रीलंकेत सिद्ध झाला आणि त्याच वर्षीच्या वैशाख पौर्णिमेस प्रथम फडकविण्यात आला. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा आणि भगवा या उभ्या पट्ट्या आणि शेवटी त्याच रंगांची एकत्रित सहावी पट्टी अशी त्याची रचना आहे. निळी पट्टी काठीकडे यावी. ध्वज मळका किंवा फाटका झाल्यास उतरवावा; वर्षभर तारेवर विरत ठेवू नये.

कंदील घरी करावा. बांबूच्या कामट्या, दोरा, पतंगाचा कागद आणि खळ एवढ्यात तो होतो. त्यावर धम्मचक्र किंवा पिंपळपान कापून लावावे. मुलांनी स्वतःच्या हाताने केलेला वेडावाकडा कंदील दुकानातील कंदिलाहून अधिक शिकवितो. सदनिकेत मेणबत्त्या पडद्यांपासून दूर ठेवाव्यात; विजेच्या माळा चालतील.

रांगोळी ही हाताची कला आहे, ती टाकण्याचे कारण नाही. कमळ, चक्र, पिंपळपान काढावे. मात्र तथागतांची किंवा बाबासाहेबांची प्रतिमा पायदळी येणाऱ्या जमिनीवर काढू नये. फुलांच्या माळा, आंब्याच्या पानांचे तोरण यांतही दोष नाही, कारण पान हे पानच असते. दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरची किंवा काळी बाहुली टांगणे हे मात्र बोधिराजकुमाराच्या वस्त्रासारखेच आहे. प्रतिमेपुढील फूल ज्या अर्थाने वाहतात तोही मुलांना सांगावा. ते कोमेजणार, तसे हे शरीरही. म्हणून जे करावयाचे ते आज करावे.

खर्च, शेजार आणि श्रम

नवे घर बहुधा कर्जाचे असते. सिगालोवादसुत्तात उत्पन्नाचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा संकटकाळासाठी राखून ठेवावा. सणाचा खर्च पहिल्या भागातून व्हावा. चौथ्याला हात लावून किंवा नवे कर्ज काढून नव्हे. त्याच सुत्तात नाच-गाण्याच्या जत्रांमागे सतत धावणे हे संपत्तिनाशाचे एक द्वार म्हटले आहे. कर्णकर्कश ध्वनिवर्धक लावून शेजारच्या आजारी माणसाची झोप मोडणे हा जयंतीचा उत्सव नव्हे. शेजाऱ्यांना, ते कोणत्याही धर्माचे असोत, खीर द्यावी आणि आपला सण कोणता हे सांगावे.

पश्चिम दिशेच्या कर्तव्यांत पतीने पत्नीला सन्मान, अधिकार आणि अलंकार द्यावेत, असे सांगितले आहे. भिंती सजविताना हा अधिकार विसरू नये. घराच्या खरेदीखतात पत्नीचे नाव आहे काय? सणाच्या दिवशी ती एकटीच स्वयंपाकघरात तर नाही ना? हिंदू कोड बिलासाठी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा देणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांनी हे प्रश्न स्वतःला विचारावेत.

खालच्या दिशेची कर्तव्ये तर सणांशी थेट निगडित आहेत. कामकऱ्यांना शक्तीप्रमाणे काम, अन्न व वेतन आणि आजारात शुश्रूषा द्यावी. विशेष पदार्थ त्यांच्यासह वाटून खावेत आणि योग्य वेळी त्यांना सुटी द्यावी, असे तथागतांनी सांगितले. आपल्या गृहप्रवेशाला गवंडी, सुतार आणि रंगारी यांना बोलवावे आणि त्यांना पंगतीत बसवावे. घरकाम करणाऱ्या बाईला आपल्या सणाच्या दिवशी भरपगारी सुटी आणि गोडधोड द्यावे. ज्यांचे आजोबा इतरांच्या सणाला वाढपाची वाट पाहत दाराबाहेर उभे राहिले, त्यांच्या घरात तरी कोणी दाराबाहेर उभे राहू नये.

सारांश, बौद्धाचे घर सजलेले असावे, सणांनी गजबजलेले असावे. पण त्यातील एकही वस्तू भीतीपोटी टांगलेली नसावी. दार कोणत्याही दिशेला असो, आत शिरणाऱ्याला बैठक, पाणी आणि उजेड मिळाला, आणि घरातील सहाही नाती जपली गेली, म्हणजे त्या घराच्या सर्व दिशा सुरक्षित आहेत असे समजावे.